बसून चालवायच्या गवतकापणी मशीनचं ऑईल: आधी वास घ्या, मग नट सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाचगणीतल्या निवासी शाळेच्या मैदानासाठी तुम्ही बसून चालवायचं गवतकापणी मशीन सेकंडहँड आणलंय, पुण्याकडच्या कुणाच्या तरी फार्महाऊसवरून. पुस्तिका मिळालेली नाही. ऑईल काळं आहे, लेव्हल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही थोडं वर दिसतंय, आणि सकाळी पहिल्यांदा चालू केलं की निळसर धूर येतो. मेकॅनिक म्हणाला, लेव्हल आहे ना, मग दिवाळीला बदलू. तुम्हाला विचारायचंय की ऑईल आत्ताच बदलू का, कोणतं घालू, आणि दोन लिटरचा डबा आणला तर सगळा ओतायचा का.

आत्ताच बदला. डबा सगळा ओतू नका. आणि हे दोन्ही करायच्या आधी एक काम करा: मशीन चालू न करता ऑईलची पट्टी बाहेर काढा आणि नाकाजवळ धरा.

मी साताऱ्यात छोट्या इंजिनांचं काम करतो. सुरुवात मामांच्या हाताखाली पलूसला झाली, तिथे विहिरीवरची डिझेल इंजिनं उघडायला शिकलो. शेजारीच किर्लोस्करवाडी, १९१० साली वसलेली, त्यामुळे त्या भागात इंजिनाला हात लावताना माणसं अजूनही एक शिस्त पाळतात. पुढे पॉवर टिलर आले, आल्याच्या आणि उसाच्या रानात फिरणारे पॉवर वीडर आले, आणि गेली बारा-पंधरा वर्षं महाबळेश्वर, पाचगणी, वाई या भागातली लॉनची मशीनं येतात. माझ्याकडे बसलेलं, म्हणजे जाम झालेलं, म्हणून जे इंजिन येतं, त्यात बहुतेक वेळा ऑईलचीच गोष्ट निघते. कधी कमी पडलेलं असतं, कधी जास्त झालेलं असतं, आणि कधी लेव्हल बरोबर असून आत असलेलं द्रव्य ऑईलच उरलेलं नसतं.

तुमच्या मशीनबाबत मला तिसऱ्याच गोष्टीची भीती आहे, म्हणून वास घ्यायला सांगितलं. इंजिनातलं ऑईल वापराने कमी होतं, आपोआप वाढत नाही. पट्टीवर खुणेच्या वर दिसतंय म्हणजे एक तर कुणीतरी जास्त ओतलंय, नाही तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. ते दुसरं म्हणजे पेट्रोल. कार्बोरेटरमध्ये एक छोटा फ्लोट असतो, तो वर आला की निडल, म्हणजे सुईसारखी झडप, आपल्या जागी बसते आणि पेट्रोल थांबतं. निडलखाली कचऱ्याचा एक कण अडकला, किंवा तिचं रबर फुगलं, तर पेट्रोल थांबत नाही. टाकी कार्बोरेटरपेक्षा वर असेल तर मशीन नुसतं उभं असतानाही रात्रभर थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये. सकाळी पट्टी बघणारा म्हणतो, वा, लेव्हल फुल आहे.

पट्टीला पेट्रोलचा झणका आला, किंवा पट्टीवरचं ऑईल पाण्यासारखं पटकन ओघळलं, तर चावी लावू नका. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगवर टिकत नाही, आणि पेट्रोलच्या वाफा भरलेल्या चेंबरला, म्हणजे ऑईल असतं त्या इंजिनाच्या खालच्या पोटाला, ठिणगी मिळाली तर काय होईल हे सांगायला नको. टाकीखाली कॉक असेल तर बंद करा, निडल आणि सीट साफ करून घ्या किंवा बदला, आणि त्यानंतरच ऑईल बदला. उलट क्रमाने केलंत तर नवं ऑईलही आठवड्यात तसंच होईल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत ती वारंवार समोर येतेय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसातूनही होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लॉनच्या बऱ्याच मशीनच्या इंजिनांना बनवणाऱ्यांनी १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. पाचगणीच्या धुक्यात तर नक्कीच.

वास नाही आला, ऑईलला बोटाला चिकटण्याइतका दाटपणा आहे, तर कुणीतरी जास्त ओतलेलं असणार. निळा धूर त्याच्याशी जुळतो. आत फिरणारा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, त्या जादा ऑईलला घुसळतो, फेस येतो, आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून थेट एअर फिल्टरकडे आणि कार्बोरेटरकडे ढकललं जातं. एअर फिल्टरचं झाकण उघडा. कागदी फिल्टर तेलकट झालेला दिसला तर खात्री समजा. तो फिल्टर धुऊन चालत नाही, बदलायचा. लेव्हल खाली आणूनही रोज सकाळी धूर येत राहिला, तर मग व्हॉल्व्ह गाईड, हेडचं पॅकिंग किंवा रिंगा बघाव्या लागतील, पण तो खर्च आधी करू नका.

आता काळेपणाबद्दल, कारण सगळ्यांचा घोळ इथेच होतो. ऑईल काळं झालं म्हणजे वाया गेलं असं नाही, आणि सोनेरी दिसतंय म्हणजे चांगलं आहे असंही नाही. जळालेल्या पेट्रोलची काजळी रिंगांच्या बाजूने खाली येते, आणि चांगल्या ऑईलमधली रसायनं तिला पकडून तरंगत ठेवतात, म्हणजे ती कुठे साचून बसू नये. काळं झालेलं ऑईल आपलं काम करतंय. डिझेल इंजिनात तर नवं घातलेलं ऑईल काही तासांतच काळं होतं, त्याला कुणी घाबरत नाही. बदलायचं ते तास बघून.

किती तास? हवेने थंड होणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनाला साधारण ५० तास किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. दोन सिलिंडरच्या आणि ऑईल फिल्टर असलेल्या इंजिनांना अनेक कंपन्या १०० तास देतात. नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल मात्र ५ ते ८ तासांतच काढायचं असतं, कारण घडताना राहिलेले धातूचे बारीक कण त्याच वेळी सुटतात. तुमचं मशीन नवं नाही, पण आधी त्यात कुणी काय ओतलं ते माहीत नाही. अशा मशीनला मी ऑईल लगेच बदलतो, १०-१५ तास चालवतो, आणि पुन्हा एकदा बदलतो. पहिलं नवं ऑईल आत साचलेला गाळ सोडवतं, दुसरं कामाला लागतं. खर्च दीड-दोन लिटर ऑईलचा. क्रँकचं काम निघालं तर त्या पैशात पाच-सहा वर्षांचं ऑईल आलं असतं.

चारचाकीचं ऑईल ५० तासांत बदलायला कुणी सांगत नाही, मग इथे का? कारण हे इंजिन वेगळं जगतं. चारचाकीला रेडिएटर असतो आणि पोटात तीन-चार लिटर ऑईल असतं. इथे दीड-दोन लिटर, थंड करायला फक्त हवा, आणि इंजिन तासन् तास एकाच रेसवर, मिनिटाला ३,००० ते ३,६०० फेऱ्यांनी पळत असतं. त्यात अनेक सिंगल सिलिंडर इंजिनांत पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि तो क्रँकच्या पिनवर थेट फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नसतं. दोन धातूंच्या मध्ये आहे तो फक्त ऑईलचा एक पापुद्रा. तो फाटला की ॲल्युमिनियम पिनला चिकटतं आणि रॉड तुटतो.

माझ्या कपाटात असा एक तुकडा ठेवलाय, अंगठ्याएवढा. वाईजवळच्या एका बंगल्याच्या मशीनचा. ड्रेनची टोपी अर्धवट फिरलेली राहिली, ऑईल गवतात गळत गेलं, आणि माळी बिचारा गवत संपवायचं म्हणून चालवत राहिला. मोठा आवाज झाला आणि इंजिनाच्या बाजूला रुपयाएवढं भोक पडलं. आत हात घातला तेव्हा पिन निळी-जांभळी पडली होती, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर कडेला सुकलेल्या गुळाच्या पापडीसारखा चिकटला होता. नवीन पोरगा कामाला आला की मी आधी तो तुकडा त्याच्या हातात देतो.

आता कोणतं ऑईल. फोर स्ट्रोकचं. ब्रश कटरसाठी आणलेलं टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं, ऑईल शाळेच्या स्टोअरमध्ये पडून असेल, ते इथे अजिबात घालायचं नाही. टूटी पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचं असतं, चेंबरमध्ये राहून काम करायचं नसतं. छोट्या इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत ४ अंशांवरच्या हवेसाठी एसएई ३० लिहिलेलं असतं; हा आकडा ऑईलचा दाटपणा सांगतो. आपल्याकडे तेवढी थंडी नसतेच म्हटलं तरी चालेल. ते साधं एसएई ३० आपल्याकडे दुकानात पटकन मिळत नाही. १०-डब्ल्यू-३० मिळतं, ते चालतं, पण साधारण २७ अंशांच्या वर इंजिन ते थोडं जास्त पितं, म्हणून लेव्हल दर वेळी बघावी लागते. पाचगणीच्या हवेत पावसाळा ते थंडी हे ऑईल उत्तम. हेच मशीन खाली साताऱ्यात किंवा सांगलीत एप्रिल-मेमध्ये चालवायचं असतं, तर मी थोडं जाड सांगितलं असतं. काही इंजिनांच्या पुस्तिकेत गरम हवेसाठी २०-डब्ल्यू-५० सुद्धा दिलेलं असतं. नेमकं तुमच्या इंजिनाला काय चालतं ते त्याच्या नंबरावरून बघू, खाली सांगतो. डब्यावर दर्जाची खूण म्हणून एपीआय एसजे किंवा त्याच्या पुढचं अक्षर असावं, आणि डबा सीलबंद असावा. सुट्टं, पिंपातून मापाने दिलेलं ऑईल कितीही स्वस्त असलं तरी या इंजिनात नको.

किती ऑईल, याचं उत्तर मशीन बघितल्याशिवाय नेमकं देता येत नाही. एका सिलिंडरच्या, साधारण ५०० सीसीच्या इंजिनात १.४ लिटरच्या आसपास बसतं. दोन सिलिंडरच्या इंजिनात फिल्टरसकट १.९ लिटरच्या आसपास. म्हणजे दोन लिटरचा डबा पहिल्याला बराच जास्त, दुसऱ्यालाही थोडा जास्तच. तुमच्या मशीनमध्ये ऑईल खुणेच्या वर गेलंय ते कदाचित असंच कुणीतरी डबा रिकामा करून गेल्यामुळे. माणसाला डब्याच्या तळाशी थोडं उरलेलं बघवत नाही. उरू द्या, झाकण घट्ट लावून ठेवा, पुढे वर घालायला लागतंच.

इंजिनाचा नंबर शोधा. वरच्या पंख्याच्या कव्हरवर किंवा व्हॉल्व्हच्या झाकणावर ठोकलेला असतो, गवताचा चिकटा ओल्या चिंधीने पुसला की दिसतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन असेल तर मॉडेल, टाईप आणि कोड असे तीन आकडे सापडतील. कोडचे पहिले सहा अंक म्हणजे इंजिन बनल्याची तारीख: आधी वर्षाचे दोन, मग महिन्याचे दोन, मग दिवसाचे दोन. ०५०८१५ ने सुरू होणारा कोड म्हणजे १५ ऑगस्ट २००५. मॉडेलचे सुरुवातीचे दोन आकडे साधारण इंजिनाचा आकार सांगतात, घन इंचात. ३१ ने सुरू होणारं म्हणजे ५०० सीसीच्या आसपास. विकणाऱ्याने पाच वर्षं जुनं म्हणून सांगितलं असेल तर हा कोड खरं काय ते सांगतो. त्याच मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साईटवर पुस्तिका फुकट मिळते. छापून लॅमिनेट करून शेडमध्ये टांगा.

प्रत्यक्ष कामाला लागताना मशीन सपाट जागी घ्या. पाचगणीत सपाट जागा शोधावी लागते हे मला माहीत आहे, पण फरशीवर, पोर्चमध्ये, कुठेही, उतारावर मात्र नको. उतारावर पट्टी खोटं बोलते आणि तळाचं ऑईल अर्धं आतच राहतं. निडल ठीक आहे याची खात्री झाल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवा. कोमट ऑईल पातळ होतं आणि गाळ सोबत घेऊन बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं चालवलंत तर हात भाजेल. मग बंद करा, हँडब्रेक ओढा, चावी खिशात घाला, आणि स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला बांधून ठेवा. कॅप काढायचा कंटाळा करू नका. खाली पातं असतं, आणि पातं हाताने फिरलं तर इंजिनही फिरू शकतं. गरम इंजिन एका फेऱ्यातही पेटू शकतं.

यानंतर चिंधी घ्या आणि ऑईलच्या झाकणाभोवतीची, ड्रेनभोवतीची जागा पुसा. खरं तर सगळ्या कामात याच पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. टेबल लँड पठाराच्या त्या सगळ्या परिसरात वरचा थर जांभ्याचा, त्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. झाकणाच्या कडेला तिचा रिंगण तयार झालेला असतो, वर ऑईलचा ओलावा, म्हणजे पॉलिश पेपरवरची पेस्टच. झाकण उघडताना चिमूटभर जरी आत पडली तरी पुढचे ५० तास ती सिलिंडर घासत राहते. आधी कोरडा ब्रश, मग चिंधी, मग झाकण.

ड्रेन दोन प्रकारचा असतो. काही मशीनना खाली नळी आणि पिवळी किंवा पांढरी प्लास्टिकची टोपी असते: टोपी थोडी आत दाबायची, डावीकडे पाव फेरा द्यायचा आणि बाहेर ओढायची. बाकींना नट असतो. नटाला नेमक्या मापाचा पाना लावा, चिमट्याने किंवा पाईप पान्याने ओढू नका. इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो, आटे एकदा गेले की मोठं काम. आणि परत बसवताना नट फक्त घट्ट, त्यावर लटकू नका. खाली पसरट घमेलं ठेवा. पातं उंच-सखल करायचा दांडा असतो, तो वापरून कापणीचा भाग खाली केला की हात जायला जागा होते. ऑईल थेंबाथेंबाने पडायला लागलं तरी लगेच बंद करू नका, पंधरा मिनिटं थांबा, चहा घेऊन या.

आता निघालेलं ऑईल बघा. थोडं पांढऱ्या चिनी वाटीत घ्या आणि उन्हात धरा. दह्यातल्या ताकासारखं, दुधट, फेसाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि त्यातलं बरंचसं सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांच्या बाजूने ऑईलमध्ये. इंजिन अर्धा-पाऊण तास गरम चाललं तर ती वाफ उडून जाते. पण पावसाळ्यात माणसं शेडमधून मशीन बाहेर काढतात, पाच मिनिटं फिरवतात, पाऊस आला की परत आत. असं दहा वेळा केलं की पाणी साचतं. पाचगणी-महाबळेश्वरकडून येणाऱ्या मशीनमध्ये दुधट ऑईल मी साताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बघतो. म्हणून चालू केलंत तर निदान अर्धा तास चालवा, नाही तर चालूच करू नका. दुसरं कारण पाईपने धुणं. गवत चिकटलंय म्हणून इंजिनावर जोरात पाणी मारतात, ते ब्रीदरमधून किंवा पट्टीच्या झाकणातून आत जातं. पात्याखालचा भाग धुवा, इंजिन ब्रशने आणि हवेने साफ करा.

वाटीत बारीक चमक दिसली तर एक लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यात फिरवा. कण चुंबकाला लागले तर ते लोखंडाचे, बहुतेक सिलिंडर किंवा रिंगांचे. चमकतायत पण चुंबकाला लागत नाहीत, तर ॲल्युमिनियम, म्हणजे रॉड किंवा पिस्टन. नुसती धुळीसारखी चमक असेल तर पुढच्या १०-१५ तासांच्या बदलीत पुन्हा बघू. पण डोळ्यांना दिसणारे पापुद्रे निघाले, तर नवं ऑईल ओतून मशीन चालवू नका, आधी उघडून बघा.

फिल्टर असेल तर तो बदला. जुना काढताना त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का ते बोट फिरवून बघा. रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी रिंग बसली, तर चालू केल्यावर मिनिटाभरात सगळं ऑईल बाहेर फेकलं जातं. माझ्याच गॅरेजमध्ये हे एकदा झालंय, तेव्हापासून जुनी रिंग टेबलावर मांडल्याशिवाय मी नवा फिल्टर उघडू देत नाही. नव्या रिंगेला नव्या ऑईलचं बोट लावा, रबर टेकेपर्यंत फिरवा, आणि तिथून हातानेच पाऊण फेरा. पाना लावायचा नाही.

ऑईल भरताना अंदाजे तीन चतुर्थांश घाला आणि दोन मिनिटं थांबा, ते तळाशी उतरू दे. पट्टी पुसा, पूर्ण बसवा, काढा, बघा. इथे एक फसगत आहे. काही इंजिनांची पट्टी पूर्ण आटे फिरवून बसवायची आणि मग वाचायची असते. काहींची, उदाहरणार्थ होंडाच्या जीएक्स मालिकेतल्या पॉवर वीडरवरच्या इंजिनांची, आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. दोन्हीत फरक बराच पडतो. पट्टीवर किंवा झाकणावर खूण नसेल तर पुस्तिकेत बघा. मग पन्नास-पन्नास मिली घालत वरच्या खुणेला टेकवा, वर जाऊ देऊ नका. प्लगची कॅप लावा, इंजिन एक मिनिट चालवा, ड्रेन आणि फिल्टर गळतंय का ते बघा, बंद करा, दोन मिनिटांनी पुन्हा पट्टी बघा. फिल्टरने आपला वाटा घेतलेला असतो, थोडं वर घालावं लागतं.

गिअरचं ऑईल वेगळं. पायाने पुढे-मागे करायचं मशीन असेल तर मागच्या ट्रान्समिशनमध्ये स्वतंत्र ऑईल असतं. काही सीलबंद असतात, काहींचं बदलता येतं. इंजिनाच्या ड्रेनऐवजी तिथला नट सोडला जाऊ नये म्हणून सांगतोय, बाकी तो विषय वेगळा.

ऑईल टिकण्यासाठी दोन गोष्टी तुमच्या मैदानाला लागू पडतात. कापताना रेस पूर्ण ठेवा. इंजिनाला त्रास नको म्हणून अर्ध्या रेसवर चालवतात, पण थंड करणारा पंखा इंजिनाबरोबरच फिरतो. रेस कमी म्हणजे हवा कमी, आणि पातं तर तेवढंच गवत ओढतंय. पंख्याच्या जाळीवर साठलेलं गवत दर वेळी काढा. दुसरं म्हणजे उतार. या मशीनना साधारण १५ अंशांपर्यंतच चालवायची मुभा असते. त्यापुढे मशीन उलटायची भीती तर आहेच, शिवाय इंजिन कलल्यावर ऑईल एका कडेला जातं आणि वंगण पोचत नाही. मैदानाच्या कडेचा चढ ब्रश कटरने काढा.

बदलायचा हंगाम कोणता, यावर माझं मत बऱ्याच लोकांशी जुळत नाही. लोक मृगाच्या तोंडावर, मशीन पहिल्यांदा बाहेर काढताना ऑईल बदलतात. मी म्हणतो, गवत थांबलं की बदला. वापरलेल्या ऑईलमध्ये पाणी आणि आम्ल असतं, ते घेऊन मशीन सहा-सात महिने उभं राहिलं तर क्रँक आणि बेअरिंग त्यातच भिजत राहतात. खंडेनवमीला तुम्ही तसंही सगळी अवजारं काढता, पुसता, झेंडूची माळ घालता. तेव्हा प्लग, फिल्टर, पातं सगळं बघून घ्या. पाचगणीत गवत त्यानंतरही वाढतं, म्हणून दिवाळीनंतरच्या शेवटच्या कापणीच्या दिवशी, इंजिन कोमट असतानाच ऑईल काढा, नवं भरा, पाच मिनिटं फिरवा म्हणजे ते आत सगळीकडे पसरेल, आणि पेट्रोल रिकामं करून मशीन झाकून ठेवा. तुमच्या मेकॅनिकचं दिवाळीला बदलू हे दर वर्षीसाठी बरोबरच आहे. फक्त या पहिल्या वेळी तोपर्यंत थांबू नका.

काढलेलं काळं ऑईल कुठे जाणार, हेही ठरवून ठेवा. कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागतं, कुणी वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना. कुणी तर शेडमागे ओततं. तुम्ही कृष्णेच्या उगमाच्या इतक्या जवळ राहता, तुमच्या शेडमागचं पाणी खाली धोम धरणाकडे जातं, आणि ते पुढे साऱ्या वाई-सांगलीने प्यायचं असतं. वापरलेलं ऑईल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. तुम्ही एवढंच करा: जुन्याच डब्यात भरा, वर चिठ्ठी लावा, आणि साताऱ्याला याल तेव्हा एखाद्या मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या, जिथून ऑईल गोळा करणारी गाडी नेते. माझ्याकडे आणलंत तरी मी ठेवून घेईन. हातात रबरी मोजे घाला, कारण हे ऑईल वारंवार कातडीला लागत राहिलं तर बरं नाही. तेलकट चिंध्या शेडमध्ये ढीग करून ठेवू नका.

मशीनला तासांचं मीटर नसेल तर शाळेची एक जुनी वही घ्या आणि चावीला दोरीने बांधा. दर वेळी तारीख, किती वेळ चालवलं, पट्टी कुठे होती, वर किती घातलं, एवढं लिहायचं. पन्नास तासांच्या मध्ये शंभर-दोनशे मिली लागलं तर काळजी नाही. दहा तासांत अर्धा लिटर लागू लागलं तर ती वही घेऊन या, तीवरून मला इंजिन न उघडता अर्धं कळेल.

आज पट्टीचा वास बघा, एअर फिल्टरचं झाकण उघडा, आणि कव्हर पुसून तिन्ही नंबरांचा फोटो मला पाठवा. नंबर आला की नेमकं किती लिटर आणि फिल्टर कोणता ते सांगतो, मग ऑईल आणायला बाहेर पडा.